आडनावाचा माग : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

आडनावावरून मूळ गाव आणि पूर्वज कसे शोधायचे, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. ज्यांच्या घरात कुणीतरी कधीतरी गाव सोडले, अशांचीच पत्रे जास्त आहेत.

प्रश्न : आमचे आडनाव नांदगावकर. पणजोबा मुंबईत गिरणीत लागले, त्याआधीचे घरात कुणालाच ठाऊक नाही. नकाशात पाहिले तर नांदगावे ढीगभर. आमचे कोणते?

नांदगावात राहणाऱ्याला नांदगावकर कुणी म्हणत नाही, तिथे सगळेच नांदगावकर. 'कर' चिकटतो तो गाव सुटल्यावर, नव्या ठिकाणच्या लोकांनी ओळखीसाठी लावलेला. त्यामुळे मूळ गावी तुमच्या घराण्याचे आडनाव वेगळेच असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे तुमचे भाऊबंद मोरे, सावंत किंवा गुरव असतील आणि नांदगावकर हे आडनाव फक्त मुंबईच्या शाखेला असेल. गावात जाऊन 'इथे नांदगावकर कोण?' असे विचारणारे हात हलवत परततात ते याच कारणाने. (गावाचे वतन किंवा इनाम असलेली घराणी हा अपवाद. ती गावात राहूनही 'कर' लावतात.)

आता गाव निवडण्याचे काम. नाशिक जिल्ह्यात नांदगाव हा तालुकाच आहे, रायगडात मुरूडजवळ एक आहे, सिंधुदुर्गात कणकवलीजवळ एक, अमरावतीत नांदगाव खंडेश्वर. जनगणनेच्या जिल्हा हस्तपुस्तिकेत तालुकावार गावांची यादी असते, तीवरून सगळी नांदगावे एका कागदावर उतरवून घ्या. जुने कागद वाचताना जिल्ह्यांचे जुने नकाशे डोक्यात ठेवा. 'जिल्हा कुलाबा' म्हणजे आजचा रायगड, नाव १९८१ मध्ये बदलले. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. पणजोबांच्या गिरणीच्या कागदावर 'जिल्हा रत्नागिरी' असेल तर कणकवलीचे नांदगाव यादीतून खोडू नका.

पुढची चाळणी दैवताची. जेजुरीचा खंडोबा किंवा तुळजाभवानी एवढ्यावर काही ठरत नाही, अर्धा महाराष्ट्र त्यांचा आहे. घरातल्या वयस्क बाईंना विचारा : लग्न झाल्यावर ओटी कुठल्या देवीची भरतात, गाऱ्हाणे घालताना कुणाचे नाव घेतात, नारळ कुणाला ठेवतात? रवळनाथाचे नाव निघाले तर दक्षिण कोकण आणि गोव्याकडे वळा. देवक आणि गोत्रही लिहून घ्या. एका गावात एकाच आडनावाची दोन घरे एकमेकांची भाऊबंद आहेत की नाहीत, हे ठरवायला त्यांचा उपयोग होतो.

दोन-तीन गावे उरली की जमिनीचे कागद काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर गाव निवडून नावाने सातबारा शोधता येतो. शोध आडनावाने न करता पणजोबांच्या नावाने आणि त्यांच्या वडिलांच्या नावाने करा. कोकणात वाटप न झालेल्या सातबाऱ्यावर चार पिढ्यांपूर्वीचे नाव अजून असते. नावाशेजारी वर्तुळात किंवा कंसात जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा क्रमांक. तो घेऊन तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात गाव नमुना ६ चा, म्हणजे फेरफार नोंदवहीचा उतारा मागा. वारसाच्या फेरफारात मयताची तारीख आणि वारसांची नावे असतात, अनेकदा विधवा आणि लग्न झालेल्या मुलींचीही. एक चांगला वारस फेरफार मिळाला की दोन पिढ्या एकदम उभ्या राहतात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा आहे, तेव्हा फेरफारांची मालिका साधारण त्यानंतरची. त्याही मागे जायचे तर गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. गावाकडे तिला कोतवाल बुक म्हणतात. तीत मृताचे नाव, बापाचे नाव, जात, वय आणि कारण असते. आडनाव बहुधा नसतेच. बऱ्याच तालुक्यांत ती मोडी लिपीत आहे.

जाता जाता : 'कर' वरून जात किंवा धर्म ओळखायला जाऊ नका. रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर ही आडनावे कुलाब्याच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएली ज्यूंची आहेत. पिढ्यानपिढ्या ज्या गावांत राहिले, त्यांचीच नावे त्यांनी घेतली.

प्रश्न : आमचे आडनाव रत्नागिरीकडच्या गावावरून आहे, पण कुलदैवत गोव्यातला मंगेश. मग मूळ कुठले धरायचे?

दोन्ही. आडनाव नंतरच्या मुक्कामाचे, दैवत आधीच्या. मात्र देवालाही मुक्काम बदलावा लागलेला आहे. मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकात देऊळ पाडले जाणार हे दिसल्यावर लिंग प्रियोळला हलवले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. म्हणून सध्याच्या देवळाच्या गावात पूर्वजांचे घर शोधू नका. देवाचे जुने गाव आधी शोधा, तुमचे घराणे बहुधा त्याच्या आसपासचे. गोव्यातल्या अशा देवस्थानांकडे महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत मानकरी घराण्यांच्या याद्या असतात. तिथे तुमच्या आडनावाआधीचे आडनाव सापडते का ते पाहा. प्रभू, कामत, शेणवी, नाईक अशी उपनावे गळून जाऊन गावाचे नाव उरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

प्रश्न : आडनाव कुलकर्णी. याच्या मागे जाण्याचा काही मार्ग आहे का? कुलकर्णी तर सगळीकडेच.

कुलकर्णी हे हुद्द्याचे नाव. देशपांडे, देशमुख, पाटील, पोतदार, मुजुमदार तीच गत. फडणीस, चिटणीस, सबनीस, पारसनीस, खासनीस यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. हुद्द्याचे आडनाव सांगते की घराण्यात अमुक काम होते. कुठले घराणे ते सांगत नाही. पाटील तर अनेक जातींत आणि धर्मांत आहेत.

तुमच्या बाबतीत प्रश्न 'कुठले कुलकर्णी?' असा विचारायचा. कुलकर्ण, म्हणजे गावाचा हिशेब लिहिण्याचे काम, हे ठरावीक गावाचे किंवा गावांच्या जुडग्याचे वतन (वंशपरंपरेचा हक्क) असे. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने खालसा झाली, पाटीलकीचे पद महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने गेले. वतन जाताना जमिनी आणि भरपाईचे कागद झाले, त्यात वतनाचे गाव, हिस्सेदार आणि त्यांची नाती नोंदली गेली. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात वतनाची नोंदवही आणि त्या काळचे फेरफार मागा. हिस्सेदारांची यादी मिळाली की तुमचे आजोबा त्यात कुणाचे कोण, हे ताडता येते. 'कुलकर्णी' च्या आधी जुने घराण्याचे नाव जोडून लिहिण्याची पद्धतही होती, ते नाव अशाच कागदांत सापडते.

इथे एक अडचण नेहमी येते, ती दत्तकाची. वतन टिकवण्यासाठी दत्तक घेणे सर्रास चाले. दत्तकाचे गोत्र आणि आडनाव बदलते, त्यामुळे कागदावरची वंशावळ सलग दिसते आणि रक्ताची मधेच तुटलेली असते. कागदात 'दत्तपुत्र' हा शब्द आला की थांबून जनक (जन्माच्या) घराण्याचे नाव लिहून घ्या, पुढे ते मिळणार नाही.

प्रश्न : घरात मोडी कागदांचा गठ्ठा आहे. एकावर 'सन इहिदे सितैन मया व अलफ' असे वाचून मिळाले. शिवाय 'बिन' आणि 'कोम' असे शब्द वारंवार येतात. याचा वंशावळीसाठी काय उपयोग?

खूप. ती तारीख आहे. मराठेशाहीच्या कागदांत सुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहीत, एकक आधी. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहाला अशर, विसाला अशरीन, मग सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, मयातैन २००, अलफ १०००. तुमच्या कागदाची बेरीज १ + ६० + १०० + १००० = ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणजे मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला. तेव्हापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरच्या तारखेला ६००. कागद १७६०-६१ चा निघतो, पानिपताच्या सालातला.

शके असेल तर ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुनाच्या तारखांना बहुधा ७९. मराठवाड्याच्या, म्हणजे निजामी अमलातल्या कागदांवर फसली (महसुली) सन असतो, त्यात ५९० मिळवायचे आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना ५९१. उत्तरेकडच्या फसलीचा हिशेब दोन-तीन वर्षांनी वेगळा आहे. एखादा पूर्वज काशी-प्रयागच्या बाजूला गेलेला असेल, तर तिकडच्या कागदाला दख्खनचा आकडा लावू नका. मुलगा बापाच्या आधी जन्मलेला दिसायला लागला की सन चुकला असे समजा. हस्तलिखित वंशावळींत हा घोटाळा वरचेवर दिसतो.

'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा : 'रामजी बिन संताजी'. काही भागांत 'वलद' लिहीत. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'गोदी कोम रामजी' हे वाचताना अनेकांना 'कोम' हे जातीचे नाव वाटते आणि बाई वंशावळीतून गळते. 'हल्ली वस्ती' आणि 'मौजे' हे शब्दही खुणा करून ठेवा. 'मौजे अमुक, हल्ली वस्ती तमुक' ही एक ओळ सगळ्या आडनावांपेक्षा मोलाची, स्थलांतराची दोन्ही टोके तिच्यात आहेत.

कागदांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सावलीतल्या दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, फ्लॅश नको. लांब कागद डकवून केलेला असेल तर सांध्यांचे फोटो वेगळे घ्या, शिक्के आणि शेरे बहुधा तिथेच असतात. वाचून घेताना जाणकाराकडून आधी जसेच्या तसे बाळबोधीत (देवनागरीत) उतरवून मागा, अर्थ नंतर. नुसता सारांश घेतला तर नावे 'दुरुस्त' होऊन येतात. स्वतः शिकायचे असेल तर पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. पुण्याचे पेशवे दप्तर याच खात्याकडे आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात खासगी घराण्यांची दप्तरेही आहेत.

प्रश्न : मॉरिशसचे एक मराठी कुटुंब आमच्या ओळखीचे आहे. घरी गणपती बसतो, पण आडनाव सखाराम. 'आमचे मूळ गाव शोधून द्या' म्हणतात. कुठून सुरुवात करावी?

सखाराम हे आडनाव नव्हते. तिथे गेलेल्या माणसाचे किंवा त्याच्या बापाचे ते नाव होते. मॉरिशसला १८३४ पासून करारबद्ध मजूर नेऊ लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे गेली, त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकण-देशावरचे मराठी लोकही होते. नोंद करताना माणसाचे नाव आणि बापाचे नाव लिहिले गेले. पुढच्या पिढीच्या जन्मनोंदीत इंग्रजी-फ्रेंच रिवाजाने आडनाव हवे होते, तिथे बापाचे नाव बसले आणि गोठले. म्हणून सखाराम, बाबाजी, तुकाराम अशी आडनावे. स्पेलिंग कारकुनाच्या कानाप्रमाणे आहे. एकाच बापाच्या दोन मुलांची आडनावे दोन तऱ्हेने लिहिलेली असतात आणि आज ती दोन वेगळी कुटुंबे समजली जातात.

शोध मॉरिशसमध्येच सुरू करायचा, भारतात नव्हे. कुटुंबाने आपल्या नागरी नोंदणीतून जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले एकेक पिढी मागे काढत जावे, जोवर भारतात जन्मलेल्या माणसाच्या नावापर्यंत पोचत नाही. जुन्या दाखल्यांत त्या माणसाच्या नावाबरोबर स्थलांतरिताचा क्रमांक असतो, आणि तोच हवा आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत स्थलांतराचे दप्तर आहे. क्रमांक दिला तर नोंद सापडते, नुसत्या आडनावावर शोधणे म्हणजे गवतात सुई. नोंदीत जहाज, आगमनाची तारीख, वय, उंची, अंगावरच्या खुणा, बापाचे नाव, जात, जिल्हा, परगणा आणि गाव अशी माहिती असते. १८६० च्या दशकापासून काहींचे फोटोही आहेत.

गावाचे नाव इंग्रजीत कसे का लिहिलेले असेना, ते मोठ्याने वाचा, आणि मराठी माणसाच्या तोंडून परकीय कारकुनाने काय ऐकले असेल याचा अंदाज घ्या. 'ळ' चा 'ल' होतो, शेवटचा 'व' गळतो, 'ण' आणि 'न' एकच. मग त्या परगण्यातल्या गावांच्या यादीशी जुळवा. परगणा म्हणजे आजचा तालुका नव्हे. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये महालांची आणि तालुक्यांची विभागणी दिली आहे, ती पाहून ठरवा. रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड १८८० चा आहे, कोकणासाठी तोच काढा.

जातीचा रकाना जपून वाचावा. तो कारकुनाने समजला तसा भरलेला आहे, आणि भरतीच्या वेळी माणसाने सोयीचे सांगितलेलेही असते.

गाव मिळाले तरी त्या गावात सखारामांचे घर असेल अशी आशा धरू नये. तो माणूस गेला तेव्हाचा कोतवाल बुकातला कागद बहुधा नाही. जुळवायचे ते बापाचे नाव, जात आणि कुलदैवत, आणि गावात 'आमचा एक जण मिरिचला गेला होता' अशी आठवण आहे का ते. मॉरिशसला भरतीवाले 'मिरिच' म्हणत. हा शब्दही गावात विचारून पाहा.

प्रश्न : आम्ही वसईचे, आडनाव फर्नांडिस. आमचे पूर्वज पोर्तुगीज होते का?

जवळजवळ नक्कीच नाही. वसई पोर्तुगीजांकडे १५३४ ते १७३९ होती. बाप्तिस्मा घेताना गॉडफादरचे किंवा धर्मगुरूचे आडनाव घेतले जाई. पोर्तुगीज भाषेत फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. पण वसईत त्या आडनावावरून बाप कळत नाही. एकाच वाडीत एकाच मूळ घराण्याचे परेरा आणि लोपीस सापडतात, कारण बाप्तिस्म्याचे साक्षीदार वेगळे होते. तुमच्या वाडीत घराला काय म्हणतात ते विचारा. घरत, म्हात्रे, नाईक, पाटील अशी जुनी नावे घरगुती वापरात राहिलेली असतात. मग पॅरिशची, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चची, बाप्तिस्मा आणि विवाहाची नोंदवही पाहा. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये आहेत, तरी नावांपुरते वाचायला फार भाषा लागत नाही : 'फिल्यो दे' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'व्हियुव्हा' म्हणजे विधवा.

प्रश्न : आमची एक शाखा तंजावरला गेली. त्यांच्या नावात आडनावच नाही, नुसती इंग्रजी आद्याक्षरे आणि शेवटी 'राव'. नाते कसे जुळवायचे?

तमिळ रिवाजात आद्याक्षरे बापाच्या नावाची, आणि बऱ्याचदा आधी गावाचे एक. त्यांना आद्याक्षरे सोडवून पूर्ण लिहायला सांगा. असे तीन पिढ्यांचे केले की तुमच्याकडच्या वंशावळीशी नावे जुळतात की नाही ते लगेच दिसते. 'राव' हा मानाचा प्रत्यय आहे, त्याला आडनाव धरू नका. तंजावरचे भोसल्यांचे राज्य व्यंकोजींपासून १८५५ पर्यंत टिकले, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात तिथले मोडी कागद आहेत. शाखा दरबारी नोकरीत असेल तर तिकडे नाव मिळू शकते. घरात जुनी लग्नपत्रिका असेल तर ती आधी, कारण मराठी आडनाव बहुतेक वेळा तिथेच शेवटचे छापलेले असते.

प्रश्न : डीएनए चाचणीने हे सगळे एकदम कळत नाही का?

नाही. वडिलांकडून मुलाकडे जाणारी वाय गुणसूत्राची रेषा आडनावाच्या वाटेने जाते, म्हणून दोन नांदगावकर एका मूळ पुरुषाचे आहेत का हे तपासायला ती उपयोगी. त्यासाठी दोघांनीही चाचणी केली पाहिजे. गाव, साल, नाव यातले काहीही चाचणी सांगत नाही. कागद संपले असतील तर खर्च करा, आधी नको.

प्रश्न : वडिलांकडची सात पिढ्यांची वंशावळ आहे, पण आईकडची, आजीकडची आडनावेसुद्धा माहीत नाहीत. छापील कुलवृत्तान्तातही सुनांची फक्त सासरची नावे.

कुलवृत्तान्त, म्हणजे घराण्याच्या इतिहासाची छापील पुस्तके, पुरुषांच्या रेषेने रचलेले असतात, आणि सुनेचे नाव लग्नात बदलले असेल तर माहेरचे नावही जाते. पण ज्या घरात पितृपक्षातले महालय श्राद्ध होते, तिथे आईकडच्या पिढ्यांचा कागद असतोच, कुणी त्याला वंशावळ समजत नाही एवढेच. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा आणि आई, आजी, पणजी यांच्यानंतर आईचे वडील, आजोबा, पणजोबा यांचा गोत्रासह उच्चार होतो. ही नावांची यादी भटजींच्या किंवा आजोबांच्या वहीत लिहिलेली सापडते. आजोबांची वही मिळाली तर तीत त्यांच्या आईच्या माहेरची तीन नावे आणि गोत्र मिळेल, पणजोबांच्या वहीत त्याआधीची.

ती नावे घेऊन नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. त्यांच्याकडच्या नामावळीत यात्रेकरूने स्वतःच्या हाताने घराण्याची नावे लिहिलेली असतात. जाताना चार गोष्टी हव्यात : माहेरच्या घराण्याचे आडनाव, जात, मूळ गाव आणि एका पूर्वजाचे नाव. नुसते आडनाव सांगितले तर कुठल्या उपाध्यायांकडे तुमची वही आहे हेच कळत नाही, कारण गावे त्यांच्यात वाटलेली आहेत. तिथे सध्याचे गाव सांगून उपयोग नाही, आडनावातले गाव सांगा. पान सापडले की फोटो काढायची परवानगी मागा, आणि निघण्यापूर्वी तुमच्या आईचे, आजीचे माहेरचे नाव-आडनाव त्याच पानावर लिहून ठेवा.